‘करायला’ म्हणजे नेहमी ‘टू डू’ नव्हे

‘मला वाचायला आवडतं’, ‘मला वाचायला हवं’, ‘तो वाचायला बसला’, ‘तिने मला वाचायला लावलं’. मराठीत ही चारही वाक्यं एकाच ‘वाचायला’वर भागतात. इंग्रजीत तेच ‘आय एन्जॉय रीडिंग’, ‘आय नीड टू रीड’, ‘ही सॅट डाउन टू रीड’ आणि ‘शी मेड मी रीड’ असं होतं. म्हणजे एकदा ‘-इंग’, दोनदा ‘टू’, आणि शेवटी नुसताच धातू. जेरंड आणि इन्फिनिटिव्ह यांत मराठी माणसाच्या ज्या चुका होतात, त्यांतल्या बहुतेक या एका ‘-आयला’तून येतात. डोक्यात ‘करायला’ आलं की हात आपोआप ‘टू’ लिहितो.

पण मराठीला सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. या विषयातला जो भाग सगळ्यांत अवघड म्हणून शिकवला जातो, तिथे मराठी उलट फार मदत करते. ते पुढे येईलच.

आधी रूपं, झटपट. क्रियापदाला ‘-इंग’ लावून त्याचं नाम केलं की ते जेरंड: ‘स्विमिंग इज गुड एक्सरसाइज’. ‘टू’ अधिक मूळ धातू म्हणजे इन्फिनिटिव्ह: ‘टू स्विम’. ‘टू’ गळालेला इन्फिनिटिव्हही असतो, ‘लेट मी गो’मधला ‘गो’ तसा. नकार करायचा असेल तर ‘नॉट’ नेहमी आधी येतो: ‘नॉट गोइंग’, ‘नॉट टू गो’. ‘टू नॉट गो’ बोलण्यात ऐकू येतं, पण परीक्षेत आणि कार्यालयीन पत्रात टाळावं.

‘-इंग’ दिसलं की जेरंड, असं मात्र नाही. ‘ही इज कलेक्टिंग स्टॅम्प्स’ यात ‘कलेक्टिंग’ हा चालू काळाचा भाग आहे. ‘हिज हॉबी इज कलेक्टिंग स्टॅम्प्स’ यात ते नाम आहे. ‘स्लीपिंग चाइल्ड’ म्हणजे झोपलेलं मूल, पण ‘स्लीपिंग बॅग’ म्हणजे झोपलेली पिशवी नव्हे, झोपण्यासाठीची पिशवी. पहिलं विशेषण, दुसरं जेरंड. आजचे बरेच व्याकरणकार हा भेद बाजूला ठेवून दोन्हींना एकाच नावाखाली घेतात, आणि वाक्य बरोबर लिहिण्यापुरतं बोलायचं तर त्यांचं काही अडत नाही. तेव्हा या नावांच्या वादात फार वेळ घालवू नये.

निर्णय आधीच्या शब्दाचा

‘-इंग’ घ्यायचं की ‘टू’, हे आपल्याला काय म्हणायचंय त्यापेक्षा आधी कोणता शब्द आलाय यावर जास्त ठरतं. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’, ‘माइंड’, ‘प्रॅक्टिस’, ‘सजेस्ट’, ‘कन्सिडर’, ‘डिनाय’, ‘ॲडमिट’, ‘रिस्क’, ‘मिस’, ‘कीप’, ‘इमॅजिन’, ‘पोस्टपोन’, ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’ यांच्यामागे ‘-इंग’. ‘वॉन्ट’, ‘डिसाइड’, ‘होप’, ‘प्लॅन’, ‘प्रॉमिस’, ‘रिफ्यूज’, ‘अग्री’, ‘ऑफर’, ‘मॅनेज’, ‘अफोर्ड’, ‘एक्स्पेक्ट’, ‘प्रिटेंड’, ‘फेल’ यांच्यामागे ‘टू’.

अशा याद्या नुसत्या घोकल्या तर आठवड्याभरात एकमेकींत मिसळतात. त्यापेक्षा क्रियापद त्याच्या शेपटासकटच पाठ करावं. वहीत ‘अव्हॉइड म्हणजे टाळणे’ असं लिहू नये, ‘अव्हॉइड डुइंग’ आणि ‘डिसाइड टू डू’ असं लिहावं. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशांत प्रत्येक क्रियापदापुढे ही माहिती दिलेली असते. अर्थ बघून पान मिटायची सवय असल्याने ती नजरेतून सुटते, इतकंच.

यामागे काहीच तर्क नाही, असंही नाही. ‘टू’ हा मुळात दिशा दाखवणारा शब्द. त्यामुळे इन्फिनिटिव्हचं तोंड पुढे असतं: इच्छा, बेत, वचन, अजून न घडलेलं काम. जेरंडमधलं काम घडलेलं, घडत असलेलं किंवा निदान वस्तूसारखं समोर ठेवलेलं असतं. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी १९६८ साली हा फरक मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ‘होप टू’, ‘प्लॅन टू’, ‘प्रॉमिस टू’ पुढे बघतात. ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘ॲडमिट’, ‘मिस’ यांना आधी काहीतरी घडलेलं किंवा हाताशी असलेलं लागतं.

हा तर्क बराच पल्ला गाठतो आणि मग एकदम साथ सोडतो. ‘सजेस्ट’, ‘कन्सिडर’, ‘पोस्टपोन’, ‘रिस्क’ यांच्यातलं काम अजून व्हायचंच असतं, तरी ‘-इंग’च लागतं. उलट ‘आय मॅनेज्ड टू ओपन इट’ म्हणताना ते उघडून झालेलं असतं, तरी ‘टू’. तेव्हा तर्काचा उपयोग आठवण ताजी करायला करावा, नवीन क्रियापदाचा अंदाज बांधायला नको.

‘नाकारणे’ या एका मराठी शब्दामागे इंग्रजीची दोन क्रियापदं आहेत, आणि त्यांच्यावर हा तर्क चोख बसतो. ‘ही रिफ्यूज्ड टू पे’ म्हणजे पैसे देणार नाही म्हणाला. ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’ म्हणजे पैसे घेतलेच नाहीत म्हणाला. एक पुढचं नाकारतो, दुसरा मागचं. ‘ही डिनाइड टू पे’ हे मिश्रण त्यामुळे अर्थानेही लंगडं पडतं.

मधे माणूस आला की

‘त्याला जायला सांगितलं’: ‘आय टोल्ड हिम टू गो’. ‘आस्क’, ‘ॲडव्हाइज’, ‘अलाउ’, ‘फोर्स’, ‘पर्स्वेड’, ‘वॉर्न’, ‘इन्व्हाइट’, ‘एन्करेज’ हे सगळे याच साच्यातले: आधी माणूस, मग ‘टू’. ‘वॉन्ट’सुद्धा. ‘त्याने यावं असं मला वाटतं’ याचं शब्दशः ‘आय वॉन्ट दॅट ही कम्स’ होतं आणि ते चूक आहे. ‘आय वॉन्ट हिम टू कम’ म्हणावं.

‘सजेस्ट’ मात्र या पंगतीत बसत नाही. ‘ही सजेस्टेड मी टू गो’ ही आपल्याकडची बहुधा सर्वांत टिकाऊ चूक असेल, कारण ‘त्याने मला जायला सुचवलं’ हे मराठी वाक्य अगदी निर्दोष आहे. बरोबर पर्याय दोन: ‘ही सजेस्टेड गोइंग’, किंवा कोणी जायचं हे सांगायचं असेल तर ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’. ‘रेकमेंड’लाही हेच दोन साचे वापरावेत.

‘ॲडव्हाइज’ आणि ‘अलाउ’ दोन्हीकडे खेळतात. माणूस मधे असेल तर ‘टू’, नसेल तर ‘-इंग’: ‘दे डोन्ट अलाउ अस टू पार्क हिअर’, पण ‘दे डोन्ट अलाउ पार्किंग हिअर’.

आता ‘लेट’ आणि ‘मेक’. ‘जाऊ दिलं’ हे ‘लेट’. तिथे मराठीतही ‘-आयला’ नाही, त्यामुळे ‘लेट हिम गो’ लिहिताना चूक क्वचितच होते. ‘थांबायला लावलं’ हे ‘मेक’. इथे ‘-आयला’ आलं की लगेच ‘ही मेड मी टू वेट’ होऊन बसतं. ‘टू’ काढा: ‘ही मेड मी वेट’. पण वाक्य कर्मणी केलं की गळालेला ‘टू’ परत येतो: ‘आय वॉज मेड टू वेट’. ‘लेट’चं असं कर्मणी करू नये, ‘आय वॉज अलाउड टू गो’ म्हणावं. ‘हॅड बेटर’ आणि ‘वुड रादर’ यांच्यामागेही नुसता धातू. ‘हेल्प’ला दोन्ही चालतात.

‘सी’ आणि ‘हिअर’ यांच्यामागे नुसता धातू आणि ‘-इंग’ दोन्ही येतात, आणि फरक सूक्ष्म असला तरी खरा आहे. ‘आय सॉ हर क्रॉस द रोड’ म्हणजे ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली, तेवढं सगळं पाहिलं. ‘आय सॉ हर क्रॉसिंग द रोड’ म्हणजे ती ओलांडत असताना दिसली; पुढे पोचली की नाही, वाक्य सांगत नाही. साक्षीदाराच्या जबानीत एवढ्या फरकानेही अर्थ पालटू शकतो.

दोन ‘टू’

प्रेपोझिशननंतर क्रियापद आलं की ते ‘-इंग’ रूपातच येतं. ‘गुड ॲट ड्रॉइंग’, ‘विदाउट आस्किंग’, ‘इन्स्टेड ऑफ वेटिंग’, ‘बिफोर लीव्हिंग’. अपवाद जवळजवळ दोनच: ‘बट’ आणि ‘एक्सेप्ट’. ‘आय हॅड नो चॉइस बट टू वेट’, ‘ही डिड नथिंग बट स्लीप’.

नियम सोपा, पण अडचण अशी की ‘टू’ स्वतःच कधी प्रेपोझिशन असतो. ‘लुक फॉरवर्ड टू’, ‘ऑब्जेक्ट टू’, ‘कमिटेड टू’, ‘डेडिकेटेड टू’, ‘इन ॲडिशन टू’, ‘व्हेन इट कम्स टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’ यांतला ‘टू’ इन्फिनिटिव्हचा नाही. म्हणून ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’.

ओळखायची खूण: ‘टू’नंतर ‘इट’ ठेवून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ चालतं, म्हणजे हा प्रेपोझिशन. क्रियापदाला ‘-इंग’ लावा. ‘आय वॉन्ट टू इट’ चालत नाही, म्हणजे हा इन्फिनिटिव्हचा ‘टू’; मूळ धातू ठेवा.

‘यूज्ड टू’ या एका जोडीत हे सगळं गुंतून बसलेलं आहे. ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे पूर्वी लवकर उठायचो, आता नाही. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे लवकर उठायची सवय आहे. ‘धिस टूल इज यूज्ड टू कट ग्लास’ म्हणजे हे हत्यार काच कापायला वापरतात. दुसऱ्यात ‘इट’ची खूण लागू पडते (‘आय ॲम यूज्ड टू इट’), पहिल्या आणि तिसऱ्यात नाही. ‘आय ॲम यूज्ड टू वर्क लेट’ असं लिहिणाऱ्याला बहुतेकदा दुसरा अर्थ हवा असतो आणि हातून पहिल्याचं शेपूट लागतं.

हेतू आणि ‘साठी’

‘-ण्या’ला शब्दयोगी अव्यय जोडलं की मराठी रूप इंग्रजीच्या अगदी जवळ येतं. ‘शिकण्यात रस’: ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’. ‘जाण्याऐवजी’: ‘इन्स्टेड ऑफ गोइंग’. ‘निघण्यापूर्वी’: ‘बिफोर लीव्हिंग’. ‘न सांगता’ला मराठीत ‘-ण्या’ नसलं तरी ‘विदाउट टेलिंग’ हे ध्यानात राहतं. इथे मराठीवर बिनधास्त विसंबावं.

याला एक मोठा अपवाद आहे, ‘-ण्यासाठी’. ‘इंग्रजी शिकण्यासाठी आलो’ याचं ‘आय केम हिअर फॉर लर्निंग इंग्लिश’ करू नये. माणसाचा हेतू सांगायचा तर ‘टू’च: ‘आय केम हिअर टू लर्न इंग्लिश’. ‘फॉर’ अधिक ‘-इंग’ वस्तूचं काम सांगताना येतं: ‘धिस ब्रश इज फॉर क्लीनिंग बॉटल्स’. हेतू नकारार्थी असेल, म्हणजे ‘मूल जागं होऊ नये म्हणून’, तर नुसतं ‘नॉट टू’ अपुरं पडतं. ‘सो ॲज नॉट टू वेक द चाइल्ड’ म्हणावं.

नामांआधी ‘-ण्याचा, -ण्याची’ येतं, तिथे मराठी काहीच मदत करत नाही. ‘जाण्याचा निर्णय’ हे ‘डिसिजन टू गो’, पण ‘जाण्याची सवय’ हे ‘हॅबिट ऑफ गोइंग’. इथे तोच मघाचा पुढे-मागेचा तर्क वापरून पाहावा. निर्णय, प्रयत्न, परवानगी, वचन, नकार यांना ‘टू’ लागतो. सवय, अनुभव, भीती, धोका यांना ‘ऑफ’ आणि ‘-इंग’. संधीला, म्हणजे ‘चान्स’ला, दोन्ही लागतात, पण अर्थ बदलतो: ‘अ चान्स टू विन’ म्हणजे जिंकायची संधी, ‘द चान्स ऑफ विनिंग’ म्हणजे जिंकण्याची शक्यता.

जिथे मराठी जिंकते

‘स्टॉप’, ‘रिमेम्बर’, ‘फर्गेट’, ‘रिग्रेट’, ‘ट्राय’. यांच्यामागे दोन्ही रूपं येतात आणि अर्थ बदलतो, म्हणून विद्यार्थी यांना घाबरतात. खरं तर मराठी बोलणाऱ्याने घाबरायचं कारणच नाही, कारण हा फरक आपण रोज तोंडाने करतो.

‘तो बोलायला थांबला’ आणि ‘तो बोलायचा थांबला’. पहिल्यात जाता जाता पाय थांबले आणि बोलणं सुरू झालं: ‘ही स्टॉप्ड टू टॉक’. दुसऱ्यात बोलणंच बंद झालं: ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’. एका अक्षराच्या फरकाने मराठीत जे होतं, तेच इंग्रजीत ‘टू’ आणि ‘-इंग’ने होतं.

‘औषध घ्यायचं लक्षात ठेव’: ‘रिमेम्बर टू टेक इट’. ‘औषध घेतल्याचं आठवतंय’: ‘आय रिमेम्बर टेकिंग इट’. मनात ‘घ्यायचं’ आलं तर ‘टू’, ‘घेतल्याचं’ आलं तर ‘-इंग’. विसरण्याचंही तसंच: ‘कुलूप लावायला विसरलो’ हे ‘फर्गॉट टू लॉक’. ‘फर्गेट’नंतर ‘-इंग’ तुलनेने कमी दिसतं आणि बहुधा ‘नेव्हर’सोबत येतं: ‘आय विल नेव्हर फर्गेट सीइंग द सी फॉर द फर्स्ट टाइम’, पहिल्यांदा समुद्र पाहिल्याचं कधी विसरणार नाही.

‘रिग्रेट’ म्हणजे पश्चात्ताप, आणि तो ‘केल्याचा’ होतो: ‘आय रिग्रेट सेलिंग द हाउस’. ‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ हे सूचनापत्रातलं ‘कळविण्यास खेद होतो’. तिथे ‘इन्फॉर्म’, ‘से’, ‘टेल’, ‘अनाउन्स’ अशी सांगण्याचीच क्रियापदं येतात.

‘ट्राय’साठी मराठीत दोन वेगळे वाक्प्रयोगच आहेत. ‘उघडायचा प्रयत्न केला’, जोर लावला, जमलं असेल वा नसेल: ‘आय ट्राइड टू ओपन द विंडो’. ‘उघडून पाहिली’, उघडली तर सहज, पण त्याने काही फरक पडतो का ते बघायचं होतं: ‘आय ट्राइड ओपनिंग द विंडो’. संगणक अडकला तर ‘ट्राय रिस्टार्टिंग इट’. इथे ‘ट्राय टू रिस्टार्ट इट’ म्हटलं तर रिस्टार्ट करणंच अवघड आहे, असा सूर लागतो.

‘गो ऑन’ही असंच: ‘बोलत राहिला’ हे ‘वेंट ऑन टॉकिंग’, ‘पुढे तो खर्चाबद्दल बोलला’ हे ‘वेंट ऑन टू टॉक अबाउट द कॉस्ट’.

‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘कन्टिन्यू’, ‘लाइक’, ‘लव्ह’, ‘हेट’ यांच्यामागे दोन्ही रूपं जवळपास एकाच अर्थाने येतात. दोनच पथ्यं पाळावीत. क्रियापदालाच ‘-इंग’ असेल तर पुन्हा ‘-इंग’ नको: ‘इट इज स्टार्टिंग टू रेन’. आणि ‘वुड लाइक’ आलं की ‘टू’च.

सुटे धागे

जेरंड कर्ता असेल तर क्रियापद एकवचनी, मग कर्म कितीही अनेकवचनी असो: ‘रीडिंग ओल्ड लेटर्स टेक्स टाइम’. इन्फिनिटिव्ह कर्ता म्हणून वाक्याच्या सुरुवातीला ठेवला की भाषा जुनाट वाटते. ‘टू फाइंड इट वॉज डिफिकल्ट’पेक्षा ‘इट वॉज डिफिकल्ट टू फाइंड इट’ बरं.

‘टू हेवी टू लिफ्ट’ (यातला पहिला ‘टू’ म्हणजे ‘फार, प्रमाणाबाहेर’) इथे थांबा. मागे ‘इट’ जोडून ‘द बॉक्स इज टू हेवी टू लिफ्ट इट’ करू नका, उचलायची वस्तू आधीच कर्ता झालेली आहे.

‘मला पोहता येतं’ याचं ‘आय नो स्विमिंग’ होत नाही. ‘आय कॅन स्विम’ किंवा ‘आय नो हाउ टू स्विम’. ‘वाचण्यासारखं’ हे ‘वर्थ रीडिंग’. ‘रडून उपयोग नाही’ हे ‘इट इज नो यूज क्राइंग’. ‘बिझी’ आणि ‘स्पेंड टाइम’ यांच्यामागेही थेट ‘-इंग’. ‘द शर्ट नीड्स वॉशिंग’ म्हणजे शर्ट धुवायला झालाय. दिसायला कर्तरी, अर्थाने कर्मणी.

आता एक छोटी ईमेल तपासू. अशी रोज कुणीतरी कुणाला तरी पाठवत असतं: ‘आय ॲम रायटिंग फॉर रिक्वेस्टिंग लीव्ह. माय डॉक्टर सजेस्टेड मी टू टेक रेस्ट. आय विल फिनिश टू चेक द रिपोर्ट बिफोर टू लीव्ह. आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’

चार वाक्यांत पाच चुका. पहिल्या वाक्यातलं ‘रायटिंग’ चालू काळाचं आहे, त्याला हात लावायचा नाही. पण त्यामागे हेतू आलाय, म्हणून ‘टू रिक्वेस्ट लीव्ह’. ‘फिनिश’ला ‘-इंग’ लागतं, म्हणून ‘फिनिश चेकिंग’. ‘बिफोर’ प्रेपोझिशन, म्हणून ‘बिफोर लीव्हिंग’. ‘लुकिंग फॉरवर्ड टू’पुढे ‘इट’ बसतं, म्हणून ‘टू हिअरिंग फ्रॉम यू’. राहिला डॉक्टर. तिथे ‘सजेस्टेड दॅट आय टेक रेस्ट’ करता येईल, पण मला तरी वाक्याची मोडतोड न करता एकच शब्द बदलणं जास्त पसंत आहे: ‘सजेस्टेड’च्या जागी ‘ॲडव्हाइज्ड’ घातलं की पुढचं ‘मी टू टेक रेस्ट’ जसंच्या तसं बरोबर ठरतं.